मौन, धूर आणि वन्सं

गर्व करू नये, देवाला तो आवडत नाही. पण आमच्यासारखं घर तुम्हाला शोधून सापडणार नाही! आमच्याकडे विजेची तार येत नाही, नळाचा पाइप येत नाही आणि आमच्याकडून गटारही कुठे जात नाही. छपरावरच्या सौर पॅनेलवर ऊन पडतं, त्यावर बॅटऱ्या भरतात, बॅटऱ्यांवर विहिरीचा पंप चालतो, पंपाने टाकी भरते. सगळं आपलं आपण! निवृत्त झाल्यावर ह्यांनी हे सारं स्वतःच्या हातांनी उभं केलं, आणि पहिल्या वर्षात छप्पर फक्त दोनदाच उडालं.

ह्यांचा सगळ्यात लाडका उद्योग म्हणजे घरामागचा कोरडा संडास. लाकडी फळ्यांची खोली, आत पाण्याचा थेंब नाही. काम झालं की शेजारच्या डब्यातला लाकडाचा भुसा वाडगाभर वरून टाकायचा. वास नाही, माश्या नाहीत, आणि काही महिन्यांनी झाडांना खत! लोक पाहुण्यांना दिवाणखाना दाखवतात. हे संडास दाखवतात.

माझं म्हणाल तर माझा एक नेम आहे. सकाळी डोळे उघडल्यापासून अंघोळ आणि प्रार्थना होईपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. लग्नाआधीपासूनचा नेम, सासरीही सगळ्यांना ठाऊक. घरात त्याचा फारसा फरक कुणाला जाणवत नाही, कारण एरवीही माझा आवाज असा, की दुकानात मी साखर मागितली तर दुकानदार माझ्यामागच्या गिऱ्हाइकाला विचारतो, "बोला, काय देऊ?"

तर अशा आमच्या शांत घरी वन्सं आल्या. वन्सं म्हणजे ह्यांची थोरली बहीण. ही जमीन सासऱ्यांनी दोघा भावंडांच्या नावावर ठेवलेली, आणि शेजारचा कोंबडीवाला ती विकत घ्यायला टपून बसलेला. वन्संनी दारातच सांगून टाकलं, "हे बघ छोट्या, एक रात्र राहून बघते. माणसाने राहण्याजोगं असेल, तर राहा सुखाने. नसेल, तर विकायचं! आणि तुम्ही दोघांनी शहरात माझ्या वरच्या मजल्यावर यायचं. रोज डोळ्यांसमोर राहाल."

वन्संच्या वरच्या मजल्यावर! त्यांच्या डोळ्यांसमोर! त्यापेक्षा मी पॅनेलखाली पथारी टाकीन, पण इथून हलणार नाही!

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले, नळ सोडला, तर नळाने नुसता उसासा टाकला. वन्सं माझ्याआधीच उठल्या होत्या. टाकी रिकामी होईपर्यंत त्यांनी केस धुतले होते आणि बॅटऱ्या रिकाम्या होईपर्यंत हेअर ड्रायरने ते वाळवले होते! विहिरीवरचा रहाट ह्यांनी पंप बसवल्यावर काढून टाकलेला, आणि बाहेर आभाळ भरलेलं. ऊन नाही म्हणून पंप नाही, पंप नाही म्हणून पाणी नाही, पाणी नाही म्हणून अंघोळ नाही. आणि अंघोळ नाही म्हणून मी मुकी!

"काही काळजी करू नकोस," हे कुजबुजले, "ढग हटले की पंप लागेल. तोवर ताईला आपला संडास नीट दाखवायचा. आज त्यात राखही मिसळतो, म्हणजे वासाचं नाव नको!"

असं म्हणून ह्यांनी चुलीतली राख फावड्याने उचलली आणि चालले. चूल मी आत्ताच ढवळली होती. वरून राख थंडगार दिसत होती, पण पोटात लालबुंद निखारे! मी धावत पुढे गेले, फावड्याकडे बोट दाखवलं, मग पाचही बोटं तोंडाशी नेऊन जोरजोरात फुंकर मारली. गरम आहे, भाजेल, एवढंच सांगायचं होतं.

हे चक्क लाजले.

"अगं, ताई आहे घरात!" म्हणाले. "या वयात काय हे!"

आणि ती राख भुशाच्या डब्यात ओतून हे पंपाकडे निघूनही गेले.

मी डबा बाहेर काढायला वळते, तोच माझ्या अंगावरून वाऱ्यासारख्या कोण गेल्या? वन्सं! मी पुढे धावून दोन्ही हात पसरून दारात उभी राहिले. "कळलं गं, वाडगाभर भुसा टाकायचा. छोट्याने कालच तासभर व्याख्यान दिलंय," असं म्हणून मला बाजूला सारून त्या आत गेल्या आणि कडी लावली.

मी हादरलेच! लाकडाची खोली, भुशाचा डबा, त्यात निखारे, आणि आत आमच्या जमिनीची अर्धी मालकीण! मी दोन्ही मुठींनी दार बडवायला लागले.

"कोण आहे? अगं, आत्ताच बसलेय!"

मी आणखी जोरात बडवलं.

"काय बाई घाई! एवढंच असेल तर जा एखाद्या झाडामागे! चांगलं मोठं रान आहे तुमचं!"

बडवण्याचा आवाज ऐकून हे धावत आले. मी अनवाणी, पायांखाली खडी; त्यामुळे या पायावरून त्या पायावर उड्या मारत होते. ज्वाळा कशा वर येतात ते दाखवायला कमरेपाशी दोन्ही हातांची बोटं नाचवत होते आणि मध्येच दाराकडे बोट दाखवत होते. आता तुम्हीच सांगा, आपल्या बायकोला अशा अवस्थेत संडासाच्या दारापाशी पाहिल्यावर कुठल्याही नवऱ्याला काय वाटेल?

"अरे देवा! पोट बिघडलं का?" ह्यांचा चेहरा कळवळला. "कालची भाजी जरा शिळी होतीच. धीर धर, लांब श्वास घे. ताई, जरा लवकर आटप गं! हिची फार वाईट अवस्था आहे!"

"अरे, माणसाला शांतपणे बसू द्याल की नाही? तिला सांग, दुसरीकडे मन गुंतव!"

तेवढ्यात फळ्यांच्या फटीतून धुराची एक रेघ बाहेर आली. मग दुसरी आली. ह्यांची तिकडे पाठ होती.

"अगं बाई," आतून आवाज आला, "इथेही उदबत्ती लावलीस? किती गं देवभोळी तू! वास बरा आहे, पण जरा जास्तच लावलीस!"

माझे डोळे पांढरे व्हायची वेळ आली. मी ह्यांची हनुवटी धरून तोंड दाराकडे फिरवायला गेले, तर ह्यांना वाटलं मला भोवळ येतेय. ह्यांनी मला घट्ट धरून ठेवलं! डोळे माझ्यावरून हलायला तयार नाहीत.

आता नेम की वन्सं? मी डोळे मिटले, मनातल्या मनात देवाची क्षमा मागितली, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा, बिनअंघोळीची, प्रार्थनेआधी बोलले.

"वन्सं," मी म्हणाले, "आत आग लागलीय हो. बाहेर या."

अगदी स्पष्ट म्हणाले. माझ्या अंगात होता नव्हता तेवढा सगळा आवाज काढून म्हणाले!

"शाबास," हे माझ्या पाठीवर थोपटत म्हणाले. "नाव घे देवाचं, मनातल्या मनात. तेवढाच धीर येईल. थांब, मी बादली आणतो, तू जा आडोशाला."

आणि रोपांसाठी भरून ठेवलेली पाण्याची बादली आणून ह्यांनी अदबीने माझ्या हातात दिली.

पाणी! मी बादली उचलली आणि दाराला खांद्याने धडक दिली. कडी ह्यांनी स्वतः बनवलेली, त्यामुळे पहिल्याच धक्क्याला निघाली.

"अगं, आत ताई आहे!" हे मागून ओरडले. "इतकी का घाई!"

आत धुराचा ढग, ढगात सिंहासनावर बसल्यासारख्या वन्सं, आणि त्यांच्या कोपरापाशी डब्यातून लालभडक जीभ बाहेर येत होती! मी बादली रिकामी केली. अर्धं पाणी डब्यावर गेलं. चर्र! उरलेलं अर्धं त्या नुकत्या वाळवलेल्या केसांवर. डब्यातली राख उसळली आणि वरून खाली सगळीकडे काळा चिखल बरसला. वन्संचे फक्त डोळे पांढरे राहिले.

ह्यांनी डब्याकडे बघितलं, धुराकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि तिथेच खडीवर बसले.

थोड्या वेळाने वन्सं चादर गुंडाळून ओसरीवर येऊन बसल्या. केसांतून काळे थेंब टपटप गळत होते. मी मनातल्या मनात सामान बांधायला घेतलं. वरचा मजला, जिना, वन्संची नजर, सगळं दिसायला लागलं.

"छोट्या," त्या खोल आवाजात म्हणाल्या, "आत आग लागली होती."

"हो ताई."

"मी जळून गेले असते."

"हो ताई."

"आणि इतकं सगळं होऊनही या बाईने तोंडातून ब्र काढला नाही!"

संपलं, मी मनात म्हटलं. पण वर बघते तर वन्संच्या त्या काळ्या गालांवरून दोन पांढरे ओघळ वाहत होते.

"दार बडवलं, उड्या मारल्या, माझ्यासाठी आगीत शिरली, पण नेम मोडला नाही! अशी भक्ती मी जन्मात बघितली नाही. आणि हिला मी घराबाहेर काढायला निघाले होते? मला पाप लागेल! नाही विकायची जमीन. त्या कोंबडीवाल्याला मीच सांगते!"

"मी समोरच होतो ना," हे पुढे सरसावत म्हणाले. "नुसते ओठ हलत होते गं. देवाचं नाव घेत होती!"

मी थक्क! तोंड उघडलं, पण अजून अंघोळ व्हायची होती. शेवटी ढग हटले, पंप लागला, अंघोळ झाली, प्रार्थना झाली. देवापुढे मी सगळं कबूल केलं, आणि माणसांपुढेही कबूल करायचं असं ठरवून बाहेर आले.

वन्सं फोनवर होत्या. कितव्या नातेवाइकाला सांगत होत्या कोण जाणे. "अगं, ज्वाळा भडकल्यात, आणि ही शांत! संत आहे, संत!"

मी समोर जाऊन उभी राहिले. "वन्सं," मी म्हणाले, "मी बोलले होते."

"आँ?" त्यांनी फोनवर हात ठेवला. "काय म्हणालीस? जरा जोरात बोल."

मी खिडकीतून बाहेर बघितलं. ओली बाग, विहीर, संडासाच्या दाराशी हे हातोडी घेऊन नवी कडी ठोकत बसलेले. मग वन्संच्या वरच्या मजल्याकडे जाणारा जिना डोळ्यांसमोर आला.

"चहा टाकू का, म्हटलं," मी म्हणाले.

हे मात्र त्यांना पहिल्याच वेळी ऐकू गेलं!