मसुराची नाणी

साम्राज्य जसजसं बलाढ्य होतं, तसतसं त्याचं नाणं नाजूक होत जातं, याबद्दल जाणकारांत दुमत नाही. आमच्या नदीकाठच्या टाकसाळीत एका वर्षात काशाचं नाणं चार वेळा सुधारण्यात आलं. (सुधारणा म्हणजे धातू कमी करणं.) चौथ्या सुधारणेत ते मसुराच्या दाण्याएवढं झालं.

ठसे कोरणाऱ्या पेगासियसची पंचाईत अशी, की तेवढ्या दाण्यावर सम्राट, त्यांचा भाला, घोड्यावरून पडणारा शत्रू आणि 'सुखाचे दिवस परत आले' ही घोषणा एवढं सगळं बसवायचं होतं. सम्राटांचा अवयव कमी भरल्यास कोरणाऱ्याचा उजवा हात कमी करावा, अशी तरतूद होती. पेगासियसने घोडा गाळला, शत्रू गाळला. तरी सम्राटांचं नाक तेवढं मावलं.

"परवा तपासणी आहे," तो बायकोला म्हणाला. "हात जाणार."

"नाणी बघतो कोण?" थेक्ला म्हणाली. "मोहोरबंद पिशवी घ्यायची, मोहोर बघायची, पुढे द्यायची. माझ्या वडिलांनी चाळीस वर्षं एकच पिशवी फिरवली. तुम्ही आपली मोहोर मोठी कोरा."

त्याने तळहाताएवढी मोहोर कोरली. घोड्याला दातसुद्धा आले. नाकाची नाणी वितळवून पिशव्यांत मसूर भरले. तपासनीस हिलारियन मोहोर न्याहाळून म्हणाला, "शत्रू झकास पडलाय." हात वाचला.

हिवाळ्यात धान्य संपलं, तेव्हा कुणीतरी राजद्रोह पत्करून पिशवी फोडली आणि आमटी केली. आठवड्याभरात शहर जेवलं. भांडणं घटली, अकरा लग्नं जमली. सरकार हादरलं. (घोषणा खरी ठरण्याची ही पहिलीच वेळ.)

चौकशी बसली.

"पिशवीभर नाण्यांची किंमत काय रे?" हिलारियनने पेगासियसला विचारलं.

"एक पिशवी, साहेब."

"आणि पिशवीभर मसुराची?"

"बाजारभावाने अडीच पिशव्या."

"म्हणजे सरकारी पैशात तू किंमत घातलीस."

"चुकून झालं, साहेब."

कायद्यात कमी किमतीच्या नाण्याला शिक्षा होती, जास्तीच्या नव्हती. सबब हात सरकारजमा समजावा, मात्र जागच्या जागी ठेवावा, असं ठरलं. सरकारी हाताने खाजगी जेवण करता येईना. थेक्ला त्याला भरवू लागली.

पुढे अस्सल नाणं ओळखण्याची रीतही ठरली: उकळत्या पाण्यात टाकावं; शिजलं तर बनावट. ही कसोटी अजून कुणी रद्द केलेली नाही. आपल्या खिशात असेल ते चलन घरी उकळून पाहावं. पोट भरलं नाही, तर ते खरं आहे आणि आपण सुखात आहात.