डॉक्टर निवड समितीची कामगिरी

मूल जन्माला घालायला एक बाई पुरते. तिच्यासाठी डॉक्टर निवडायला मात्र किमान पाच माणसं लागतात. बायकोने गोड बातमी दिली त्याच संध्याकाळी आमच्या घरी अशी समिती स्थापन झाली. अध्यक्ष माझी आई, उपाध्यक्ष सासूबाई (दोघींचं एकमेकींशी पटत नसल्यामुळे निःपक्षपातीपणाची हमी), अनुभवी सदस्य म्हणून तीन मुलांची आई असलेली वहिनी, तांत्रिक सल्लागार पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेले काका आणि सचिव मी. बायकोला समितीत घेतलं नाही, कारण या प्रकरणात तिचा वैयक्तिक संबंध होता.

समितीने अकरा दवाखाने पाहिले. शंभरपैकी गुण ठरले ते असे: गाडी लावायला जागा तीस, बसायच्या खोलीतले पंखे वीस, जिने वीस, स्वागतिकेचा स्वभाव पंधरा, भिंतीवरच्या फोटोंतल्या बाळांचा गुटगुटीतपणा दहा आणि वैद्यकीय कौशल्य पाच (त्यातलं समितीत कुणालाच कळत नव्हतं, पण अजिबात गुण न ठेवणं बरं दिसलं नसतं).

बायकोचं म्हणणं एवढंच होतं, "कळा सुरू झाल्यावर माझ्याजवळ कोण असावं, हे मला ठरवू देणारी डॉक्टर हवी."

"अगं, त्यात ठरवायचं काय? आम्ही सगळे आहोतच की," आई म्हणाली.

मागणी इतिवृत्तात नोंदवून निकाली काढण्यात आली. नंतर स्वयंपाकघरात बायको मला म्हणाली, "मला भीती वाटतेय रे." डॉक्टरांना विचारायच्या प्रश्नांची माझी यादी त्रेचाळिसावर पोचल्याचं सांगून मी तिला धीर दिला.

पहिल्या तपासणीआधी हॉलमध्ये दोन रंगीत तालमी झाल्या. डॉक्टर वहिनी झाली. बायकोच्या जागी उशी ठेवली (तिला उगाच दगदग नको). उशीने उत्तम सहकार्य केलं.

प्रत्यक्षात, सर्वाधिक गुण मिळवलेल्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंसमोर खुर्च्या दोनच निघाल्या. त्यांवर आई आणि सासूबाई बसल्या.

"शेवटची पाळी कधी आली होती?" डॉक्टरांनी विचारलं.

काकांनी तारीख सांगितली, वारासकट.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवून काकांकडे पाहिलं. "पेशंट कोण आहे?"

आम्ही बाजूला सरकलो तेव्हा बायको दाराशी उभी असलेली दिसली. एक नर्स तिच्यासाठी स्टूल घेऊन आली होती आणि सर्व प्रक्रिया धाब्यावर बसवून थेट तिलाच विचारत होती, "बरं वाटतंय ना तुम्हाला?"

आमच्या एकोणिसाव्या प्रश्नालाच वेळ संपत आली. त्यात बायकोने मधेच घुसून आपला तो जवळ कोण असावं हा प्रश्न विचारला, जो यादीत नव्हताच.

"अर्थात तुम्हीच ठरवायचं," डॉक्टर म्हणाल्या.

"मग या सिस्टर चालतील," बायको म्हणाली आणि महिनाभरात पहिल्यांदा खळखळून हसली.

"आणि मी?" सचिवाने प्रश्नांची फाइल सावरत विचारलं.

"फाइल बाहेर ठेवून येणार असलास तर ये."

मला भलताच आनंद झाला, पण पदाचा मान राखून मी तो दाखवला नाही. काकांनी मात्र अपमान सहन न होऊन राजीनामा दिला, त्यामुळे समितीत एक जागा रिकामी आहे. अर्जाची गरज नाही. हे वाचताना, आपल्या ओळखीच्या एक फार चांगल्या डॉक्टर आहेत, असं तुमच्या मनात आलंच असेल. आणि ते नाव माझ्या बायकोला नव्हे, मला कळवायचं, हेही तुम्ही ठरवून टाकलं असेल. तुमची निवड एकमताने झाली आहे.