अनुमोदक नाना

नानांना कोणी चहा विचारला तर ते हो म्हणत नाहीत. "अनुमोदन," म्हणतात.

एका लग्नाच्या बैठकीत मुलाचा मामा म्हणाला, "मग साखरपुडा उरकूनच घेऊ." नानांचा त्या दोन्ही घरांशी संबंध फक्त जेवणापुरता. तरी कोपऱ्यातून आवाज आला, "अनुमोदन!" डॉक्टरांनी मीठ बंद करायला सांगितलं, त्यालाही नानांनी जागच्या जागी अनुमोदन दिलं. मीठ अजून चालू आहे.

धुळे जिल्ह्यातल्या आमच्या छोट्या शहराच्या पालिकेत नाना कितीतरी वर्षं नगरसेवक आहेत. सभेत ठराव मांडायला एक सूचक लागतो आणि त्याला दुजोरा द्यायला एक अनुमोदक. सूचक बदलत राहतात. अनुमोदक नानाच. गटारी, पथदिवे, मोकाट डुकरं, पाण्याच्या टाकीची सफाई, सगळ्याखाली त्यांचं नाव. सत्ताधाऱ्यांना त्यांचं अनुमोदन असतं आणि विरोधकांनाही असतं. एकदा त्यांनी एकाच सभेत एक ठराव आणि तोच रद्द करण्याचा ठराव, दोन्हींना अनुमोदन दिलं. मी विचारलं तर म्हणाले, "दोघांचंही म्हणणं बरोबर होतं ना!"

स्वतः मात्र त्यांनी आजवर एकही ठराव मांडलेला नाही.

माझं पाइपांचं दुकान आहे. सायकलवर नळाच्या तोट्या बांधून खेडोपाडी फिरलो, तेव्हा कुठे हे शटर लागलं. त्यामुळे शटरच्या आड कोणी आलं की माझं डोकं फिरतं. आणि पालिकेने नेमकं तिथेच लोखंडी बाकडं ठेवलं, एसटीच्या प्रवाशांसाठी. अनुमोदक अर्थात नाना. पुढे एसटीचा थांबा हायवेवर गेला. बाकडं राहिलं. पाइपांचा टेम्पो मागे घेतला की बाकड्याला धडकतो, ड्रायव्हर मला शिव्या देतो आणि मी त्या शिव्या मनातल्या मनात नानांकडे पाठवतो.

त्यात दर गुरुवारी, बाजाराच्या दिवशी, नाना स्वतः त्या बाकड्यावर येऊन बसतात. एका टोकाला ते, दुसऱ्या टोकाला पांढऱ्या टोपीतला एक म्हातारा शेतकरी. मध्ये म्हाताऱ्याची भाजीची पिशवी. दोघं एकमेकांशी एक अक्षर बोलत नाहीत. तासभर माझं गिऱ्हाईक अडवतात आणि उठून जातात. मला वाटायचं, रिकामटेकडे आहेत, दुसरं काय.

शेवटी मी आमच्या वॉर्डाच्या नगरसेवकाला पटवलं. सभेत विषय आला: निरुपयोगी बाकडं हटवणे. मी मुद्दाम मागच्या खुर्चीवर जाऊन बसलो. नगरसेवकाने ठराव मांडला. सभेच्या लिपिकाने सवयीने अनुमोदक म्हणून नानांचं नाव लिहूनही टाकलं.

नाना खिडकीबाहेर बघत होते.

"नाना?" नगराध्यक्ष म्हणाले.

"माझं नाव खोडा," नाना म्हणाले.

सभागृहात कोणालाच काय करावं कळेना. दुसऱ्या कोणीही हात वर केला असता तर काम झालं असतं. पण इतकी वर्षं ते काम नानांचं, बाकीच्यांची सवयच मोडलेली. सगळे नानांच्या तोंडाकडे बघत राहिले. अनुमोदक नाही म्हणून विषय बारगळला.

मी नानांना जिन्यातच गाठलं. "डुकरांना अनुमोदन देता, नाना, आणि माझ्याच ठरावाला तोंड शिवलं?"

"शेठ, रागावू नका. गुरुवारी तिथे दुसऱ्या टोकाला बसतो ना, तो माझा धाकटा भाऊ आहे. साक्रीकडे गावी असतो. वाटणीत बांधावरून भांडलो. तो म्हणाला, तुझा उंबरा चढणार नाही. मीही तेच म्हणालो."

"मग?"

"बाकडं पालिकेचं. त्याचं नाही, माझं नाही. तिथे बसता येतं."

"बसून करता काय?"

"बसतो. त्याच्या गाडीची वेळ होईपर्यंत."

"मग दुसऱ्या बाकड्यावर बसा! गावात काय बाकड्यांचा दुष्काळ आहे?"

"पण त्याला सांगणार कोण? आमचं बोलणं नाही. तो येईल, बाकडं नसेल. माझ्या अनुमोदनाशिवाय इथे दगड हलत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक आहे. म्हणेल, यानेच काढायला लावलं." नाना कठडा धरून थांबले. "मग तो यायचा नाही, शेठ."

मी सौदा करणारा माणूस. पूर्ण भाव मिळत नसेल तर निम्म्यावर येतो, पण हात हलवत परत जात नाही. गुरुवारी दोघं बसल्यावर त्या म्हाताऱ्यापुढे जाऊन उभा राहिलो.

"आबा, हे बाकडं पलीकडे त्या लिंबाखाली सरकवू या. माझा टेम्पो आत येईल, तुम्हाला सावली मिळेल. नानांना विचारू?"

"त्याले काय इचारतस?" म्हातारा अहिराणीत म्हणाला. "तो कधी कोनले नही म्हनस का? बठ्ठा गावले माहीत शे."

नानांनी घसा साफ केला आणि माझ्याकडे बघत म्हणाले, "ठरावाशिवाय पालिकेची मालमत्ता हलवता येत नाही."

"कार्योत्तर मंजुरी घ्या," मी ओरडलो. "रस्ते आधी उकरता आणि मंजुरी मागून घेता. या बाकड्याचंच काय सोनं लागलंय?"

म्हातारा हसला. त्याने पिशवी उचलून माझ्या हातात दिली, अगदी दुकानातल्या नोकराला द्यावी तशी. मग बाकड्याचं आपलं टोक धरलं आणि मान वर न करता म्हणाला, "तिकडथीन धर, भाऊ."

गावात नानांना सगळे नानाच म्हणतात. भाऊ म्हणणारं कोणी मी तोवर ऐकलं नव्हतं.

मला वाटलं, आता अनुमोदन येणार. आलं नाही. नाना नुसतेच वाकले आणि त्यांनी आपलं टोक धरलं.