चार नव्या सुविधा आणि एक पूल

खरं काय आहे हे कळण्यापेक्षा सगळं ठीक आहे हे कळण्याची माणसाला जास्त निकड असते. संसार, शिक्षण, राज्यकारभार हे सगळं याच निकडीवर उभं आहे. पूल मात्र बरीच वर्षं खांबांवर उभे राहत होते. ही उणीव आता दूर झाली आहे.

पूर्वी पुलाचं गणित कागदावर होई. मग संगणक आला आणि त्याला त्याच्या भाषेत आज्ञा लिहून द्याव्या लागू लागल्या. अभियंत्यांना ते जमेना (रजेचा अर्जसुद्धा ते शेजाऱ्याचा बघून लिहितात). म्हणून डबे निघाले. पडद्यावर डबे मांडायचे आणि डब्यांना तारा जोडायच्या. एका डब्यात नदीच्या पात्राची रुंदी, दुसऱ्यात माणसांचं वजन, तिसऱ्यात लोखंड. तारा ओढल्या की शेवटच्या डब्यातून आख्खा पूल बाहेर पडतो. एक अक्षर लिहावं लागत नाही. वाचावंही लागू नये, यासाठी प्रयत्न चालू आहेत.

पूलताई या कामात तरबेज. तिचं खरं नाव कचेरीत कुणाला आठवत नसे. ती पूल करी म्हणून पूलताई, शेजारच्या टेबलावरचा सांडपाणी बघे म्हणून गटारभाऊ. (साहेब काय करत हे ठरलेलं नसल्यामुळे ते नुसतेच साहेब.)

ती एका अरुंद ओढ्यावरचा पूल संपवत होती, तेव्हाच सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली. चार नव्या सुविधांसह. साहेबांनी सगळ्यांना उभं करून परिपत्रक वाचून दाखवलं. ते असं:

पहिली सुविधा. चुकलेला डबा पूर्वी लाल होत असे. लाल रंगाने अभियंत्यांचं मन खचतं, असं पाहणीत दिसून आलं. यापुढे चुकलेला डबा फिकट हिरवा दिसेल. बरोबर डबा हिरवाच राहील.

दुसरी सुविधा. ज्या डब्याचं गणित फार वेळ खातं, तो गोठवता येईल. गोठलेला डबा आपलं जुनंच उत्तर देत राहील, पण ताबडतोब. तो वेगळा दिसणार नाही. (घरातल्या वडीलधाऱ्यांबाबत हेच धोरण पिढ्यान्‌पिढ्या यशस्वी ठरलं आहे.)

चौथी सुविधा. फेरफटका. अजून न बांधलेल्या पुलावरून पडद्यावर चालून बघता येईल. ऊन कोवळं असेल, पाणी निळं असेल, माणसं सडपातळ असतील. एक मुलगी फुगा घेऊन पूल ओलांडेल. फुग्याचं वजन गणितात धरलेलं आहे.

टाळ्या झाल्या. पूलताईने त्याच दिवशी पात्राच्या रुंदीचा डबा गोठवून पाहिला, कारण यंत्र फार घरघर करत होतं. घरघर थांबली.

"माझ्या गटारातही ती फुगेवाली फिरतेय गं," गटारभाऊ म्हणाला. "काढता येत नाही."

"राहू दे की. तुझ्या गटारात दुसरं कोण येणार आहे?"

ओढ्याचं काम उरकल्यावर तिच्याकडे आला तो तिच्याच घरामागच्या कालव्यावरचा पूल. साधा, पायी जाणाऱ्यांचा. पलीकडच्या काठावर गुडघ्यांचा दवाखाना होता आणि अलीकडच्या काठावर तिच्या सासूबाई, दोन्ही गुडघ्यांसकट. दवाखान्यात जायला मोठ्या रस्त्याने वळसा होता. गुडघे बरे करायला निघायचं, तर उरलेसुरले गुडघे वाटेतच संपायचे. म्हणून सासूबाईंनी जाणंच सोडलं होतं.

"आई, हा पूल होऊ द्या. तुम्ही स्वतःच्या पायांनी पलीकडे जाल," पूलताई जेवताना म्हणून गेली.

"म्हणालीस हं. मग नंतर कानाडोळा करू नकोस," सासूबाई म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तो शब्द त्यांनी इमारतीच्या सगळ्या मजल्यांवर पोचवला.

जुने डबे होतेच. पूलताईने त्यांत नवी माहिती भरली, पूल बाहेर पडला. रविवारी ती लॅपटॉप घेऊन सासूबाईंशेजारी बसली. सासूबाईंनी चष्मा पदराने पुसला.

"ही पोर कुठे गेली गं?"

"कुठली?"

"फुगेवाली. पुलाच्या टोकाशी गेली आणि नाहीशी झाली. मग एकदम दवाखान्याच्या दारात."

"पडद्यावर होतं तसं कधीकधी, आई."

"माझ्या गुडघ्यांना नाही जमायचं तसं."

पूलताईने तारा उकलायला घेतल्या. चहा निवला, पोळ्या राहिल्या, आणि मग सापडलं. रुंदीचा डबा अजून गोठलेलाच होता आणि इमानेइतबारे त्या जुन्या ओढ्याची रुंदी सांगत होता. पूल दवाखान्याच्या काठापासून एका खोलीइतका अलीकडेच संपत होता. तिने डबा वितळवला, त्याला कालव्याच्या मोजणीची तार जोडली. पूल लांब झाला. फुगेवाली दोघींदेखत चालत पलीकडे गेली.

"आता कसं! गुणाची माझी सून," सासूबाई म्हणाल्या.

सोमवारी कचेरीत तिने फाइल पुन्हा उघडली. सगळं हिरवं. (त्यातलं फिकट किती हे खिडकीतल्या उन्हामुळे नीट कळत नव्हतं, पण ऊन चांगलं होतं.) तिने खातरजमा म्हणून फेरफटका मारला. मुलगी सरळ चालत काठावर पोचली. पूलताईने सही केली.

पूल बांधून झाला. तो दवाखान्याच्या काठापासून एका खोलीइतका अलीकडे संपला.

ठेकेदार म्हणाला, "नकाशाबरहुकूम आहे, ताई. मी मध्ये विचारलंही होतं. साहेब म्हणाले, सगळं हिरवं आहे."

बैठक बोलावण्यात आली.

"साहेब, पूल कमी पडलाय," पूलताई म्हणाली. "सही माझी आहे. जे काय करायचं ते माझं करा, पण पूल लांबवू या."

"पुलाला मंजुरी आहे का?" साहेबांनी विचारलं.

"आहे."

"आणि कालव्याला?"

कालव्याची मंजुरी कुणालाच सापडेना. कालवा कचेरीच्या आधीचा होता.

"म्हणजे मंजूर पुलाखालून बिनमंजुरीचं पाणी वाहतंय," साहेब खेदाने म्हणाले. "आणि पूलताई, त्याला कमी बिमी म्हणू नका. त्याला पारितोषिक मिळालंय."

"कशाबद्दल?"

"फेरफटक्याबद्दल."

कालवा अरुंद करण्याचा प्रस्ताव पुढे पाठवावा आणि तोवर पूल आहे तेवढा वापरावा, असं ठरलं. गटारभाऊ एकटाच हसला. त्याच्याकडून खुलासा मागवण्यात आला.

उद्घाटनाच्या दुसऱ्या दिवशी सासूबाई नवी चप्पल घालून निघाल्या. पूलताईने अडवून पाहिलं, सगळं सांगून पाहिलं. "माझं मला बघू दे," म्हणत त्या स्वतःच्या पायांनी पुलाच्या टोकापर्यंत गेल्या. तिथे कठडा होता. कठड्यापलीकडे पाणी, आणि पाण्यापलीकडे दवाखान्याच्या दारात उभ्या असलेल्या डॉक्टरीणबाई.

"दिसतायत की इथून," सासूबाई म्हणाल्या. "हात करू?"

सासूबाईंनी हात केला. पलीकडून ओरडून विचारपूस झाली, अलीकडून ओरडून दुखणं सांगितलं गेलं. पलीकडून हुकूम आला, कठडा धरा, डावा पाय उचला. सासूबाईंनी उचलला.

आता तिथे रोज सकाळी रांग असते. दवाखान्याने कर्णा घेतला आहे. कचेरीच्या पाहणीनुसार पूल वापरणाऱ्यांपैकी बहुतेक जण समाधानी आहेत आणि आजवर एकही जण पलीकडे गेल्यावर पडलेला नाही.

त्या पहिल्या दिवशी परत येताना सासूबाई म्हणाल्या, "तुझ्यावर राग नाही गं माझा. तू डबा नीट केलेला मी डोळ्यांनी पाहिलाय. मला एवढंच सांग, ती फुगेवाली कशी पोचली?"

उत्तर तिसऱ्या सुविधेत होतं: वापरणारा एकदा जिथे अडखळतो ती जागा सॉफ्टवेअर लक्षात ठेवतं, फाइल बंद होताच तार आपल्या जुन्या जागी परत जाते आणि मधली फट यापुढे भरलेली दिसते, म्हणजे कुणाला पुन्हा अडखळायला नको.

तिसरी सुविधा परिपत्रकात होती. साहेबांनी ती वाचलीही होती. ती फक्त वर या कथेत दिलेली नाही. चार सुविधा असं शीर्षकातच सांगून कथा दुसरीवरून सरळ चौथीवर गेली, आणि आपण मध्ये कुठेही न अडखळता, पाय न भिजवता इथवर पोचलात.

तेव्हा सासूबाईंना उत्तर आपणच द्यावं. आणि हातातला फुगा आता कुठेतरी ठेवून द्यायला हरकत नाही.