चार कॉलेजं, बारा मायक्रोस्कोप

“अख्ख्या तालुक्यात कॉलेजं चार. एका दिवसात चारही बघू, मग ठरवू!” चष्मेवाल्याने जाहीर केलं. लेकीला जीवशास्त्र शिकायचं होतं आणि फॉर्म भरायची मुदत उद्या संपत होती. तो फाईल, मोजपट्टी आणि बायको घेऊन निघाला. लेक मागच्या सीटवर.

पहिल्या कॉलेजात त्याने बाकं मोजली, पंखे मोजले. बायकोने एकेक नळ सोडून पाहिला. “दोन कोरडे. लिहा!” तिचा खडा आवाज ऐकून तिथल्या कारकुनाचं धाबं दणाणलं. तो तडक फोनकडे धावला.

दुसऱ्या कॉलेजात प्राचार्य फाटकातच उभे! “या साहेब! बाईसाहेब, सरबत?”

“पालकांची केवढी कदर!” चष्मेवाला हरखला. प्रयोगशाळेत बारा मायक्रोस्कोप चकाकत होते. दहापैकी दहा गुण.

वाटेत जेवून ते तिसऱ्या कॉलेजात पोचले. तिथेही तोच थाट, वर काजू. आणि बारा मायक्रोस्कोप. त्याने एकाच्या भिंगाला डोळा लावला आणि तो चपापला.

“अगं, हाच ओरखडा मघाशी तिकडे होता!”

“तुमच्याच डोळ्यात असेल,” बायको काजू चावत म्हणाली. “जगाचे नंबर काढता, स्वतःचा काढलात कधी?”

आग्रहाचे काजू संपवण्यात तासभर गेला. चौथ्या कॉलेजच्या रस्त्यावर एक टेम्पो बंद पडलेला दिसला. शेजारी घामाघूम शिपाई आणि बारा खोकी.

“दादा, एवढं पोचवा हो! कमिटी तपासणीला निघालीय.”

शिपायासकट खोकी गाडीत चढली. चार लेकीच्या मांडीवर आली.

“कसली कमिटी?” चष्मेवाल्याने विचारलं.

“एक मोजपट्टीवाले साहेब आहेत. ते बरे, पण बरोबरच्या बाई भलत्याच खाष्ट म्हणे!”

बायकोने मान वळवून शिपायाकडे रोखून पाहिलं. ती नजर तिने चौथ्या कॉलेजपर्यंत टिकवली.

तिथे प्राचार्य गुच्छ घेऊन उभे होते. कमिटीच खोकी उतरवतेय हे पाहून ते गारठले. “साहेब, तुम्ही?”

“मी साहेब नाही हो. हिचा बाप.”

प्राचार्यांनी गुच्छ पाठीमागे लपवला. “मग बघताय काय? आत न्या खोकी!”

बारावं खोकं ठेवून चष्मेवाला मटकन बसला. लेकीने शिपायाला हळूच विचारलं, “काका, ही मूळची कुठली?”

“दुसऱ्या कॉलेजची. बाकीची तिन्ही मागून नेतात.”

“बाबा, ठरलं! दुसरंच. आत्ताच जाऊन फॉर्म भरते.”

“वा!” शिपायाचा चेहरा उजळला. “तिकडेच निघालात तर खोकी तेवढी घेऊन जाता?”