लेबल नसलेलं लुगडं

पेडणे तालुक्यातल्या चोपडे गावात कपड्यांची उधळपट्टी रोखण्यासाठी रीतसर समिती स्थापन झाली. अध्यक्षपदी निवृत्त मुख्याध्यापक गोकुळदास सर, सचिवपदी तुयेच्या कारखान्यातला सुपरवायझर प्रशांत. स्वस्तात घ्यायचे आणि चारदा घालून फेकायचे, असले कपडे गावातून हद्दपार करायचं पहिल्याच सभेत ठरलं. पण ते ओळखायचे कसे? सरांनी नियम करून दिला: ज्या कपड्यावर शाश्वत असल्याचं लेबल नाही, तो अशाश्वत समजण्यात यावा. टाळ्या पडल्या.

शाश्वत कपडे घ्यायचे तर आधी कपाटं रिकामी हवीत. सुरुवात सचिवाच्या घरापासून झाली. प्रशांतने आईची, म्हणजे सुमंगलाबाईंची, सुती लुगडी गाठोड्यात बांधली.

"अरे, वीस वर्सां नेसलंय मी ती!" त्या म्हणाल्या.

"खरां गे आई, पण लेबल खंय आसा?"

लेबल नव्हतं. जन्मभर धुतलेल्या लुगड्यावर ते कुठून असणार? गावभरची गाठोडी टेम्पोत चढली आणि वास्कोच्या एका संस्थेने ती आभारपत्र देऊन नेली. मग गावाने मोबाइलवरून शाश्वत कपडे मागवले. पूर्वी कुरिअरवाला आठवड्यातून एकदा यायचा, तो आता रोज येऊ लागला. समितीने ही प्रगती अहवालात नोंदवली.

अडचण आली ती प्रशांतच्या बायकोचे, पल्लवीचे, दिवस भरत आल्यावर. आमच्याकडे बारशापर्यंत बाळाच्या अंगाला नवं कापड लावत नाहीत. वापरून वापरून मऊ झालेलं जुनेर लागतं, आणि ते आजीचं असेल तर फारच बरं. सुमंगलाबाईंनी कपाट उघडलं. आत जाडंभरडं, कडक, वीस वर्षं टिकण्याची हमी असलेलं कापड होतं. ते मऊ व्हायला तेवढीच वर्षं लागली असती, आणि बाळ तर आठवड्यावर आलेलं.

त्या घरोघर फिरल्या. "गो सुमन, एक तरी जुनेर दी गो!"

"खंयचा देऊ? आमचा सगळा आता शाश्वत."

बाळ जन्मलं. नाइलाजाने त्याला नव्या कापडात गुंडाळलं, तर त्याची पाठ लालबुंद झाली. ते रडायचं थांबेना. सुमंगलाबाईंना स्वतःचीच लाज वाटली. नातवाला गुंडाळायला वीतभर चिंधी घरात नसावी! समितीची तातडीची सभा पाळण्याशेजारीच भरली आणि जुनेर तातडीने खरेदी करण्याचा ठराव एकमताने झाला.

प्रशांतने मोबाइलवर शोधलं. सापडलं! 'आजीच्या मायेचं अस्सल जुनेर, बाळासाठी.' किंमत पाहून त्याने आईपासून फोन लपवला आणि तसंच मागवलं. पार्सल वास्कोहून आलं, ते समितीसमोर उघडलं. आत अत्तराचा वास, सुंदर खोका, शाश्वत असल्याचं लेबल, आणि निळ्या काठाचं मऊसूत कापड.

सुमंगलाबाईंनी ते उलटंपालटं केलं.

"ह्यां माझांच लुगडां! ह्यो रफू बघ. पांढरो धागो संपलेलो म्हणान तांबडो घातलेलंय!"

"बघा," गोकुळदास सर गहिवरले, "कापड फिरून जाग्यार इलां! हेकाच म्हणतत शाश्वत!"

बाळ त्या कापडात गप्प झोपलं. थोड्या वेळाने त्याने ते ओलं केलं, सुमंगलाबाईंनी ते धुतलं, आणि पहिल्याच धुण्यात लेबल निघून गेलं.

बारशाला बाळाला नवे कपडे चढले आणि लेबल नसलेलं ते लुगडं प्रशांतने नियमाप्रमाणे वास्कोच्या टेम्पोत टाकलं. सुमंगलाबाई फाटकापर्यंत धावल्या, पण टेम्पो गेला होता.

तेव्हा वाचकहो, आजीच्या मायेचं निळ्या काठाचं, तांबड्या रफूचं जुनेर तुमच्या घरी आलं, तर कृपया चोपड्याला परत पाठवा. आणि ते मागवायची पाळी का आली, स्वतःच्या आईची लुगडी तुम्ही कुणाच्या टेम्पोत चढवलीत, तेही जमल्यास आठवून पाहा.