एकतिसाव्या दिवसाचं जेवण

गाडीचं दार लागताक्षणी मुलगी म्हणाली, "आई, पर्स उघड. ती यादी माझ्याकडे दे."

आईने निमूटपणे घडी घातलेला कागद काढून दिला. गेले तीस दिवस तो कागद तिच्यापासून हातभरही लांब गेला नव्हता. तीन वर्षं तिच्या अंगावर गांधी उठत होत्या. ती कोर्टात लघुलेखिका होती, त्यामुळे साक्षीदार बोलत असताना खाजवायलाही हात मोकळा नसे. एका उलटतपासणीत तिने खाजवण्याच्या नादात दोन अख्खी उत्तरं गाळली, तेव्हा न्यायाधीशांनीच तिला डॉक्टरकडे पिटाळलं. डॉक्टरने आहारतज्ज्ञ बाईंकडे पाठवलं. बाईंनी दूध, गहू, अंडी, सोयाबीन, मासे, टोमॅटो असं करत करत माणूस ज्यासाठी जगतो ते बहुतेक सगळं सहा आठवड्यांसाठी बंद केलं. उरलं काय, तर भात, लाल भोपळा, काकडी, नासपती आणि मीठ.

"एक घास चुकला तरी मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून," असं बाईंनी बजावलं होतं. पहिल्या खेपेला अकराव्या दिवशी खोकल्याच्या गोळीने घात केला. दुसऱ्या खेपेला एकोणिसाव्या दिवशी, ऑफिसातल्या निरोपसमारंभात, केकच्या सुरीने कापलेल्या काकडीने. ही तिसरी खेप. आज एकतिसावा दिवस होता आणि अंगावर एकही गांध नव्हती.

आणि आजच जेवायचं आमंत्रण होतं. मुलीने ज्याच्याशी लग्न ठरवलं होतं, त्याच्या आईचं बारा टेबलांचं रेस्टॉरंट होतं. स्वयंपाक त्या स्वतः करत. रविवारी बंद असणारं रेस्टॉरंट त्यांनी आज खास व्याह्यांसाठी उघडलं होतं.

"त्यांना आधीच सांगितलं असतंस तर?" आईने विचारलं.

"सांगणार होते. पण मागच्या महिन्यात एका गिऱ्हाइकाने कांदा नको म्हटलं, तर काकूंनी त्याचा कोट आणून त्याच्या हातात दिला. थोरल्या सुनेच्या वडिलांनी एकदा अर्धं ताट टाकलं होतं. चार वर्षं झाली, अजून त्या त्यांना 'ते अर्धे' म्हणतात."

"मग मी करू काय?"

"मी आहे ना," पुढच्या सीटवरून बाबा म्हणाले. बाबांचं चष्म्यांचं दुकान होतं आणि त्यांना स्वतःच्या पचनशक्तीचा भारी अभिमान होता. "तुझं ताट रिकामं करायचं काम माझं. हाय काय नि नाय काय."

विहीणबाई दारातच उभ्या होत्या. उंच, पांढरा एप्रन, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. त्यांनी हसून स्वागत केलं, पण नजर अशी की माणसाने न विचारता हात धुऊन यावेत. मधलं एकच टेबल मांडलेलं होतं. त्या आत गेल्या आणि होणारा जावई स्वतः वाढायला लागला.

पहिलं आलं मशरूमचं सूप, वर सायीची नक्षी. जावई पाव आणायला वळला आणि बाबांनी दोन घोटांत आपला बाऊल संपवून आईचा ओढून घेतला. सूप कढत होतं. बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं. जावई परत आला तेव्हा दोन्ही बाऊल स्वच्छ होते.

"काकू, आवडलं?"

"संपलंसुद्धा," आई म्हणाली. कोर्टात इतकी वर्षं काढल्यामुळे खोटं न बोलता उत्तर कसं द्यायचं हे तिला ठाऊक होतं.

जावयाने आत जाऊन ते सांगितलं आणि तिथेच पुढचं बिघडलं. खाणाऱ्याला आवडलंय म्हटल्यावर स्वयंपाक करणाऱ्याचा हात आखडत नाही. दुसरं ताट आलं ते अंडं आणि चीज भरून भाजलेल्या टार्टचं, आणि त्यातला आईच्या वाट्याचा तुकडा बाकीच्यांच्या दुप्पट होता. मुलीने जावयाला खिडकीशी नेऊन समोरच्या झाडाचं नाव विचारलं. त्याला ते येत नव्हतं. तो फोनमध्ये शोधेपर्यंत बाबांनी तीन तुकड्यांचा ऐवज पोटात घातला आणि कमरेचा पट्टा एक भोक सैल केला.

तिसरा आला मासा. लोण्यात परतलेला, अख्खा, आईसाठी सर्वांत मोठा.

"अहो, जमेल का?" आईने ओठ न हलवता विचारलं.

"काट्यांचं बघावं लागेल," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज आता खोल विहिरीतून आल्यासारखा येत होता.

जमलं, पण कसंबसं. शेवटचा घास गिळून बाबांनी काटा-चमचा खाली ठेवला आणि दोन्ही हात टेबलावर पालथे टेकले. कपाळावर घाम होता. मुलगी त्यांच्याकडे बघायचं टाळत होती. आतून भांड्यांचा आवाज थांबला, आणि चौथं ताट घेऊन विहीणबाई स्वतःच बाहेर आल्या.

अक्रोडाचा केक होता. त्यांनी खुर्ची ओढली आणि आईच्या अगदी समोर बसल्या.

"इतकं मन लावून जेवणारं माणूस मी बऱ्याच दिवसांत पाहिलं नाही, ताई," त्या म्हणाल्या. "ताटात कण ठेवला नाहीत. म्हटलं, हा घास तरी समोर बसून खाताना बघावं."

त्यांनी केकचा तुकडा चमच्यात घेऊन चमचा पुढे केला. बाबांनी अर्धवट उठायचा प्रयत्न केला, पण शरीराने ऐकलं नाही.

आईने चमचा हातात घेतला. तीस दिवस तिच्या डोळ्यांपुढून गेले. भात आणि भोपळ्याचे साठ डबे गेले. मग तिने मुलीकडे पाहिलं. मुलीचा चेहरा उतरला होता, आणि सहा वर्षांची असताना दातांच्या डॉक्टरकडे बसायची तशी ती खुर्चीच्या कडेवर बसली होती. पुन्हा पहिला दिवस तर पहिला दिवस, आईने ठरवलं, आणि चमचा उचलला.

"आई, थांब," मुलगी म्हणाली.

तिने पर्समधून कागद काढला, उलगडला आणि विहीणबाईंपुढे ठेवला. "चूक माझी आहे, काकू. मीच आईला सांगू दिलं नाही."

विहीणबाईंनी कागद वरपासून खालपर्यंत वाचला, आणि मागची बाजूही वाचली.

"म्हणजे सूप?"

"ह्यांनी," आई म्हणाली.

"टार्ट?"

"ह्यांनीच."

"मासा?"

बाबांनी बोलायची ताकद नसल्यामुळे फक्त एक बोट वर केलं.

विहीणबाई उठल्या आणि आत गेल्या. दार झुलत राहिलं. जावई म्हणाला, "मी बघून येतो," आणि बसूनच राहिला. कोट दारामागच्या खुंटीवर होते. मुलगी तिकडे बघत होती.

वीस मिनिटांनी त्या बाहेर आल्या. हातात एकच थाळी होती. भात, आणि शेजारी भाजलेला लाल भोपळा.

"वेगळा तवा घासून घेतला, वेगळी सुरी. मीठ आणि पाणी, दुसरं काही नाही," त्यांनी थाळी ठेवली. "सांगा."

आईने घास घेतला. सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते. मुलीने टेबलाखालून तिचा पाय दाबला. पण आज दुपारभर शब्द तोलून तोलून आईची जीभ दमली होती.

"मीठच नाहीये यात," ती म्हणाली.

जावयाने डोळे मिटले. विहीणबाई हळूच खुर्चीत बसल्या.

"घालायचं राहिलं असेल," त्या म्हणाल्या. मग मुलाकडे न बघता म्हणाल्या, "मला चव लागत नाही. दोन वर्षं झाली. तेव्हा ताप आला होता, त्यात गेली ती परत आलीच नाही. रोजचे पदार्थ हाताला पाठ आहेत, मापाने होतात. भोपळ्याचं माप माझ्याकडे नव्हतं."

"आई, तू बोलली नाहीस कधी," जावई म्हणाला.

"बोलून? चव न लागणाऱ्या बाईकडे जेवायला येतं कोण?"

आईने मिठाची वाटी पुढे ओढली, एक चिमूट टाकली, चाखलं, आणखी अर्धी टाकली. मग थाळी दोघींच्या मधोमध सरकवली.

"दीड चिमूट," ती म्हणाली. "लिहून ठेवा. आणि घ्या तुम्हीपण, सकाळपासून उभ्या आहात."

विहीणबाईंनी एक फोड तोंडात टाकली आणि चावत राहिल्या. "कसा आहे?" त्यांनी विचारलं.

"गोड निघालाय. कडेला जरा करपलाय."

"करपलाय?"

"जरासा. पण छान लागतोय."

विहीणबाईंनी मान डोलावली आणि दुसरी फोड उचलली.